परदेशी गिऱ्हाईक व मधला फॉरवर्डर

बेदाणा आणि हळद ह्या जिनसांचे सौदे तासगाव-सांगलीकडे पूर्वीपासून होत आले आहेत व आजही होतात. परंतु अलीकडे ऑनलाइन बाजारात आपल्या मालाची छायाचित्रे व भाव मांडून परमुलखातील गिऱ्हाईक थेट मिळविण्याची खटपट आमचे कित्येक शेतकरी बंधू करू लागले आहेत. हा उद्योग स्तुत्य होय. मात्र त्यात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. गिऱ्हाईक आपण दुबईचे किंवा मॉस्कोचे असल्याचे सांगते, आणि माल मात्र न्हावाशेवा बंदराजवळील एखाद्या फॉरवर्डरच्या गोदामात पोचता करा, असे लिहिते. असे गिऱ्हाईक खरे की लबाड, हे ओळखावे कसे?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मध्ये फॉरवर्डर असणे ही लबाडीची खूण नव्हे. फॉरवर्डर म्हणजे माल पुढे पाठविणारा आडत्या. तो जहाजावर जागा मिळवितो, कागदपत्रांची व्यवस्था पाहतो, आणि अनेकांचा थोडा थोडा माल एका कंटेनरात भरतो. दोन-तीन टन बेदाणा घेणाऱ्यास अख्खा कंटेनर परवडत नाही. चार ठिकाणचा माल एकत्र करून नेण्यातच त्याचे हित असते. जमिनीच्या खरेदीस धनी स्वतः न येता कुलमुखत्यार पाठवितो, म्हणून त्यास कोणी ठक म्हणत नाही. मुखत्यारपत्र मात्र पाहतो. येथेही तोच न्याय लावावा.

खरा धोका निराळाच आहे. उताऱ्यावर नाव एकाचे व जमिनीवर ताबा दुसऱ्याचा, अशा स्थितीत काय काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. गिऱ्हाइकाने नेमलेल्या फॉरवर्डरच्या गोदामात माल उतरला की ताबा आपल्या हातून गेला. कारण तो फॉरवर्डर गिऱ्हाइकाचा मुनीम आहे, आपला नव्हे. यास्तव पारख पुढीलप्रमाणे करावी.

(१) फॉरवर्डरची. अनेक वाहनांनी माल परदेशी पोचविण्याचा करार करणाऱ्यास १९९३ च्या कायद्यान्वये नोंदणी करावी लागते, व ती नौवहन महासंचालकांकडे होते. कस्टमचे काम करणाऱ्या दलालास २०१८ च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. हे क्रमांक मागून घ्यावेत. गिऱ्हाइकाने दिलेल्या दूरध्वनीवर चौकशी करू नये. पेढीचा क्रमांक स्वतः शोधून विचारावे. हे गिऱ्हाईक तुमचे आहे काय? भाडे कोण भरणार? निर्यातदार म्हणून कोणाचे नाव लागणार? निर्यात आपल्या नावे व्हावयाची तर आपला आयात-निर्यात कोड हवा. दुसऱ्याच कोणाच्या नावे माल जाणार असेल, तर आपले खरे गिऱ्हाईक तो येथलाच इसम आहे असे समजून रोखीनेच व्यवहार करावा.

(२) गिऱ्हाइकाची. खरा व्यापारी ओलावा विचारतो, प्रत विचारतो, औषधांच्या अंशाचा दाखला मागतो, नमुना मागवितो व भावासाठी घासाघीस करतो. ज्यास भाव चालतो, प्रत चालते, फक्त घाई तेवढी आहे, त्याजपासून सावध असावे. पैसे पाठविणाऱ्याचे नाव व मागणी करणाऱ्याचे नाव एकच आहे की नाही, हेही पाहावे. १९५७ पासून भारत सरकारचे निर्यात पत हमी महामंडळ परदेशी खरेदीदाराकडून पैसे बुडण्याच्या जोखमीचा विमा उतरविते. उधारीवर माल द्यावयाचा असल्यास त्याचे दार आधी ठोठवावे.

(३) पैशाची. गिऱ्हाईक ठरल्याहून अधिक रक्कम पाठविल्याचे सांगून जादा पैसे फॉरवर्डरला भाड्यापोटी द्या म्हणते, तेव्हा ती निव्वळ ठकबाजी समजावी. मूळ रक्कम पुढे खोटी ठरते आणि आपण दिलेले पैसे मात्र खरे असतात. ‘माल पाठविल्याचा क्रमांक कळवा, मग अडकविलेली रक्कम सुटेल’ असा बँकेच्या नावाचा निरोप आला, तर आपल्या शाखेत जाऊन खाते पाहावे. बँक असा व्यवहार करीत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. कार्डाने आलेला पैसा तक्रारीवरून काही महिन्यांनीही परत ओढला जाऊ शकतो. सबब विसार व बाकी दोन्ही बँकेमार्फत खात्यात जमा झाल्यावरच माल हलविणे उत्तम.

(४) कागदाची. पूर्ण रक्कम आगाऊ न मिळाल्यास पतपत्र, म्हणजे एल. सी., मागावे व ते आपल्याच बँकेकडून पडताळून घ्यावे. ह्यात एक मेख असते. बँक कागद तपासते, माल तपासत नाही. ‘आमच्या प्रतिनिधीच्या सहीचा दाखला जोडावा’ अशी अट पतपत्रात असेल, तर आपला पैसा त्या सहीत अडकला. ती अट काढून टाकावयास लावावी. फॉरवर्डरची माल पोचल्याची पावती हा मालकीचा कागद नव्हे. मालकी दाखविते ते बिल ऑफ लेडिंग. ते आपल्या हुकुमाचे व मूळ प्रतींसह आपल्या हाती असावे. इन्कोटर्म्स २०२० च्या एफ. सी. ए. शर्तीत गिऱ्हाइकाने जहाज कंपनीस सांगून माल चढल्याचे बिल विक्रेत्यास देववावे, असे ठरविता येते. ही गोष्ट करारात स्पष्ट लिहून घ्यावी.

इतके करूनही फसगत झालीच, तर लाजेखातर गप्प बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितका पैसा परत मिळणे दुरापास्त.

सारांश, गिऱ्हाइकाच्या गोड शब्दांवरून अथवा फॉरवर्डरच्या पाटीवरून निर्णय करू नये. पैसा खात्यात जमा असावा, नाहीतर मालकीचा कागद आपल्या हाती असावा. दोन्हींपैकी एकही नसेल, तर माल आपल्या वखारीत राहिलेला बरा. खरे गिऱ्हाईक ह्या अटींनी रागावत नाही, कारण त्यालाही त्याच्या गावी हाच हिशेब करावा लागतो.