गुण कमी पडले. आता अभ्यास कसा करावा?

प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला आणि गुण फारच कमी पडले, म्हणजे घरात दोनच उद्गार ऐकू येतात. एक, "नशीबच खोटे!" आणि दुसरा, "आता दिवसाचे सोळा तास अभ्यास!" वाचकहो, या दोहोंचा उपयोग सारखाच, म्हणजे जवळजवळ नाहीच. पहिले काम निराळे आहे: आपली उत्तरे पुढे घेऊन बसणे.

वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा घ्या. २०२५ साली तिच्यात १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटे होती. बरोबर उत्तरास चार गुण, चुकलेल्यास एक वजा, सोडलेल्यास शून्य. आमच्या परिचयातील एका मुलीने १७६ प्रश्न सोडविले. ८६ बरोबर आले, ९० चुकले. ३४४ मधून ९० गेले, उरले २५४. आणखी एक वर्ष देण्यास वडील राजी नव्हते, आणि घरची मिळकत पाहता त्यांना दोष देता येत नव्हता. मुलीने प्रश्नपत्रिका व उत्तरसूची घेऊन तीन दिवसांत त्या नव्वद चुकांची वर्गवारी केली. एकोणीस घाईच्या निघाल्या. 'कोणते विधान चूक आहे?' असे विचारले असता तिने बरोबर विधान निवडले होते. एकतीस उत्तरे निव्वळ अंदाजाची होती. चार पर्यायांत डोळे झाकून चार प्रश्न सोडविले, तर सरासरीने एक बरोबर व तीन चूक. हाती उरतो एक गुण. तेवढ्यासाठी मोलाची मिनिटे खर्चावी काय?

उरलेले चाळीस प्रश्न मात्र तिने शिकलेल्या भागावरचे होते. वाचले होते, दोनदा वाचले होते, ऐन वेळी आठवले नाही. खरी गोम येथेच आहे. २००६ साली अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुनर्वाचनाने मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा आपला समज होतो. प्रस्तुत लेखकानेही पदवीपर्यंत पुस्तके तांबड्या पेन्सिलीने रंगविली. रंग अजून आठवतो, मजकूर नाही.

तेव्हा एक प्रकरण वाचावे, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून गाळलेले तेवढेच भरावे. प्रारंभी कागद अर्धा रिकामा राहतो व मन खट्टू होते. ते होऊ द्यावे. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने असेच लिहावे. चुकलेल्या प्रश्नांची वही वेगळी ठेवावी. तीत नुसते उत्तर नको, आपण का चुकलो हेही एका ओळीत लिहावे.

त्या मुलीच्या वडिलांनी ती वही पाहिली आणि "बरे, एक वर्ष" एवढेच म्हणाले. आता घरच्यांचेही एक काम आहे. २०२५ ची परीक्षा दुपारी दोन ते पाच या वेळेत झाली. जेवण होऊन डोळे जड होण्याची हीच वेळ! म्हणून त्या घरी दर रविवारी दोनच्या ठोक्याला दूरदर्शन संच बंद होतो, पाहुण्यांना पाचनंतर या असे सांगितले जाते, आणि मुलगी घड्याळ लावून संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडविते.