अज्ञान मुलाची विदा आणि पालकाची संमती

जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर अज्ञान मुलाचे नाव लागते, तेव्हा त्या नावाशेजारी ‘अ.पा.क.’ अशी नोंद करून पालनकर्त्या आईचे वा वडिलांचे नाव लिहिण्याची वहिवाट महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सर्वांना परिचित आहे. परंतु त्या नोंदीमागे जो विचार उभा आहे, त्याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या आठव्या कलमान्वये मुलाच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत विकण्याचा, गहाण टाकण्याचा अथवा बक्षीस देण्याचा अधिकार प्रत्यक्ष जन्मदात्यासही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून पोहोचत नाही. न्यायालयाने ती परवानगी द्यावयाची तीही एक तर खरोखरीची निकड असेल तर, किंवा त्यात मुलाचा उघड लाभ दिसत असेल तर. आणि हे सारे डावलून कोणी खरेदीखत करून दिलेच, तर सज्ञान झाल्यावर ते रद्द करून घेण्याचा मार्ग त्या मुलाला मोकळा असतो. दोन गुंठे जमिनीसाठी एवढा बंदोबस्त करणाऱ्या समाजात त्याच मुलाचा आवाज, त्याची छायाचित्रे, घरातून निघण्याची व परतण्याची वेळ, शाळेचा रस्ता आणि आवडीनिवडी यांचा तपशील मात्र मोबाइलच्या पडद्यावरील ‘अनुमती द्या’ या शब्दांवर अंगठा टेकताच परक्यांच्या दफ्तरात दाखल होतो, आणि एकदा दाखल झालेला हा तपशील पुढे रद्दबातल करून घेण्याचा खात्रीचा उपाय त्या मुलाजवळ उरत नाही. पालकाच्या हातून घडणाऱ्या या कृतीचे गांभीर्य आपल्या ध्यानी यावे, म्हणून ती कृती घडते त्या क्षणी यंत्राच्या आत नेमके काय चालते, ते जरा सावकाश पाहणे अवश्य आहे.

ॲप म्हणजे एका कारागिराने आरंभापासून अखेरपर्यंत घडविलेली एकसंध वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. मुळाक्षरे गिरविण्याचा किंवा चित्रात रंग भरण्याचा खेळ तयार करणारा प्रोग्रामर संपूर्ण संहिता स्वतः लिहीत नाही. जाहिराती दाखविणे, वापराची मोजदाद ठेवणे, बिघाडाची वार्ता कळविणे अशी कामे करणारे तयार भाग तो इतर कंपन्यांकडून घेतो आणि आपल्या खेळात बसवितो. या भागांना त्या व्यवसायात ‘एसडीके’ म्हणतात. अँड्रॉइड प्रणाली परवानगी देते ती ॲपला. त्याच्या पोटातील निरनिराळ्या भागांना ती वेगवेगळी दिली जात नाही. त्यामुळे पालकाने विश्वासाने खेळाला जो अधिकार दिला, तो ज्यांची नावेही त्याने कधी ऐकलेली नाहीत अशा चार-दोन कंपन्यांच्या संहितेलाही त्याच क्षणी लाभतो, आणि खेळ बनविणाऱ्यालाही पुष्कळदा त्याची पुरती कल्पना नसते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेतील बर्कली येथील ‘इंटरनॅशनल कॉम्प्युटर सायन्स इन्स्टिट्यूट’शी संबंधित संशोधकांनी मुलांसाठी असलेली ५,८५५ लोकप्रिय विनामूल्य अँड्रॉइड ॲप तपासून आपले निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. त्यांनी ॲपची जाहीर निवेदने वाचून समाधान मानले नाही, तर मुद्दाम फेरफार केलेल्या अँड्रॉइड प्रणालीवर ती ॲप प्रत्यक्ष चालवून कोणती माहिती यंत्राबाहेर कोणाकडे जाते याची नोंद घेतली. त्यांतील बहुसंख्य ॲप अमेरिकेच्या बालगोपनीयता कायद्याचा संभाव्य भंग करीत असल्याचे त्यांना दिसले, आणि त्याचे मुख्य कारण हे इतरांकडून घेतलेले एसडीकेच होते; शेकडा १९ ॲपमध्ये तर असे एसडीके माहिती गोळा करीत होते की ज्यांच्या स्वतःच्याच शर्तींनुसार मुलांच्या ॲपमध्ये त्यांचा वापर करण्यास सक्त मनाई होती.

ही माहिती गोळा होते तरी कशी? प्रत्येक अँड्रॉइड फोनला एक जाहिरात-ओळख क्रमांक असतो. बत्तीस अंकाक्षरांची ही मालिका नाव-गाव काहीच सांगत नाही, म्हणून ती निरुपद्रवी भासते. परंतु सकाळी अभ्यासाचे ॲप, दुपारी खेळ आणि रात्री चित्रफिती पाहण्याचे ॲप या तिघांनीही आपापल्या नोंदीच्या माथ्यावर तोच क्रमांक घातला, म्हणजे तीन ठिकाणी विखुरलेले तीन चतकोर जुळवून एका मुलाचा अख्खा दिवस मांडता येतो. पडद्यावर जाहिरातीची जागा मोकळी होताच ती जागा विकण्यासाठी एक लिलाव पुकारला जातो. फोनचा तो जाहिरात-ओळख क्रमांक, ॲपचे नाव आणि पुष्कळदा अंदाजे ठिकाण असा मजकूर अनेक बोलीदारांकडे एकाच वेळी रवाना होतो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सौदा पटतो. बोली एकाचीच मान्य होते, पण तो मजकूर हाती पडतो तो सर्वांच्याच.

ठिकाणाच्या माहितीविषयी मला विशेष काळजी वाटते, कारण तिच्यात नाव लपविण्याचा काहीच उपयोग होत नाही. एका लहान युरोपीय देशातील पंधरा लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की तास आणि टॉवर एवढ्या स्थूल मापाने नोंदलेली केवळ चार ठिकाणे माहीत असली, तरी शेकडा ९५ माणसे इतर सर्वांपासून वेगळी काढता येतात. मग ज्याचा दिवस घर, शाळा, शिकवणी आणि मैदान या चारच ठिकाणी सरतो, त्या मुलाची गोष्ट काय सांगावी! शिवाय ठिकाण विचारणाऱ्या ॲपला नकार दिला, की ते कळत नाही, असेही खात्रीने म्हणता येत नव्हते. भारतात सुरू झालेल्या इनमोबी या जाहिरात कंपनीने ठिकाणाची परवानगी नाकारलेल्या लोकांचेही ठिकाण आसपासच्या वायफाय जाळ्यांच्या ओळखीवरून ताडले, आणि त्यांत मुलांच्या ॲपचे वापरकर्तेही होते, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०१६ च्या जून महिन्यात ते प्रकरण ९ लाख ५० हजार डॉलर दंडावर मिटले. अँड्रॉइडने वायफाय जाळ्यांची यादी पाहण्यासाठीही ठिकाणाची परवानगी आवश्यक केली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब होय.

यावर कोणी म्हणेल, की चार जाहिराती दिसल्या म्हणून मुलाचे असे काय बिघडते? बिघडते ते दोन वाटांनी. साठविलेली माहिती कधी ना कधी फुटते, ही पहिली वाट: हाँगकाँगच्या व्हीटेक या खेळणी-कंपनीच्या संगणकांत २०१५ च्या नोव्हेंबरात घुसखोरी झाली, तेव्हा जगभरच्या सुमारे ६४ लाख मुलांच्या नोंदी उघड्या पडल्या, आणि त्यांत नावे व जन्मतारखा होत्या. दुसरी वाट अधिक जवळची आहे. फोर्टनाइट या खेळात अनोळखी खेळाडूंशी बोलण्याची सोय मुलांसाठीही आरंभापासूनच चालू ठेवलेली होती आणि मुलांची जोडी परक्यांशी लावून दिली जाई. या व अन्य कारणांवरून त्याच्या निर्मात्या एपिक गेम्सने २०२२ च्या डिसेंबरात साडेसत्तावीस कोटी डॉलरांचा दंड मान्य केला. दोष मुलांचा नव्हता, त्यांच्या आईवडिलांचाही नव्हता. जी सोय बंद असावयास हवी ती चालू ठेवून देणाऱ्या रचनेचा तो दोष होता.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचे अधिष्ठान उशिरा लाभले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. त्या वेळी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांचा मुद्दाम विचार केला आणि अजाणतेपणी केलेल्या चुकांचे ओझे त्यांना जन्मभर वाहावे लागू नये, असा आशय मांडला. मला तो त्या निकालातील अत्यंत मोलाचा भाग वाटतो. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या नवव्या कलमाने अठरा वर्षांखालील मुलाची विदा, म्हणजे डेटा, हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घेणे बंधनकारक केले, मुलांचा माग काढण्यास, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई केली, आणि त्याच अधिनियमाने या कर्तव्यांत कसूर झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. अमेरिकेचा १९९८ चा बालगोपनीयता कायदा तेरा वर्षांखालील मुलांपुरता आहे; आपण मर्यादा अठराची ठेवली. मात्र या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांच्या अंमलबजावणीस अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. त्या मुदतीपर्यंत घरचा बंदोबस्त घरच्यांनाच करावा लागणार.

तो करताना १९५६ च्या अधिनियमातील ती कसोटीच पालकाने हाती धरावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: निकड आहे काय, किंवा मुलाचा उघड लाभ आहे काय? मोठ्याने वाचून घेणाऱ्या ॲपला मायक्रोफोन लागतो, ही निकड झाली. रंग भरण्याच्या खेळाला संपर्कांची यादी किंवा ठिकाण लागत नाही, तेव्हा तेथे नकार द्यावा, आणि नकार दिल्यावर खेळ चालेनासा झाला तर तो खेळच काढून टाकावा. परवानगी द्यावीच लागली, तर ‘ॲप वापरात असताना’ किंवा ‘केवळ या वेळेस’ एवढीच द्यावी. ठिकाणाच्या बाबतीत अलीकडच्या फोनवर अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देण्याचीही सोय आहे. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या भागात जाऊन जाहिरात-ओळख क्रमांक कायमचा पुसता येतो; आयफोनवर माग काढण्याची अनुमती मागणाऱ्या प्रत्येक ॲपला नकार देता येतो. ॲपच्या दुकानात प्रत्येक ॲपखाली विदा-सुरक्षेचे जे निवेदन छापलेले असते, ते ॲप बनविणाऱ्याने स्वतःच भरून दिलेले असते, हे विसरून त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

आपल्या घरांतून मुलासाठी वेगळा फोन असतोच असे नाही. वडिलांचाच फोन संध्याकाळी मुलाच्या हाती जातो, आणि त्याबरोबर पैशांच्या व्यवहाराची ॲप, नातलगांचे क्रमांक व सारी छायाचित्रेही जातात. अशा वेळी एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ती वापरावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट जन्मवर्षाची. खाते उघडताना अडथळा नको म्हणून पुष्कळ पालक मुलाच्या जागी स्वतःचे जन्मवर्ष लिहितात; त्या एका खोट्या आकड्यासरशी ते मूल यंत्राच्या लेखी प्रौढ ठरते आणि मुलांसाठी म्हणून जे जे संरक्षण ठेवलेले असते ते सारे गळून पडते. कितीही घाई असली, तरी हे करू नये.

पालकाने स्वतःच्या हाताकडेही पाहावे. गणवेशावरील शाळेच्या बिल्ल्यासह काढलेले छायाचित्र वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर शंभर माणसांच्या गटात टाकले, म्हणजे नाव, वय आणि शाळा तिन्ही एकत्र जाहीर होतात. आणि मुलाचा फोन क्षणोक्षणी आपल्या फोनवर दिसावा म्हणून पाळतीची ॲप बसविण्याकडे जो कल वाढतो आहे, तो मला मान्य नाही. सहा-सात वर्षांच्या मुलावर नजर ठेवणे हे संगोपन आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलीचे निरोप चोरून वाचणे म्हणजे तिला तिच्याच घरात परके करणे होय, आणि उद्या कोणी तिला धमकावू लागला तर ती त्या घरात तोंड उघडणार नाही. मुलाने निर्भयपणे येऊन सांगावे, एवढा विश्वास घरात असला, म्हणजे १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आणि १९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक वेळेवर उपयोगी पडतात.

राहता राहिली शाळा. हजेरी, गुण, शुल्क आणि बसचे ठिकाण यांसाठी शाळा जे ॲप ठरवून देते, ते घेण्यावाचून पालकाला गत्यंतर नसते, आणि नव्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शिक्षणाच्या व मुलांच्या सुरक्षिततेच्या प्रयोजनापुरती माग ठेवण्याची सवलतही दिलेली आहे. त्या सवलतीची कक्षा कोठे संपते, हे ठरविण्यात पालक-शिक्षक संघाने आपला आवाज उठविला पाहिजे. पुढच्या सभेत मुख्याध्यापकांना इतके जरूर विचारावे: या ॲपमध्ये कोणाकोणाचे एसडीके आहेत, बसचे ठिकाण किती दिवस जपून ठेवले जाते, ते कोण पाहू शकते, आणि दाखला काढून मूल शाळेतून गेल्यानंतर त्याची नोंद कोण, किती मुदतीत पुसून टाकणार; आणि या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.