वही आधी, ॲप नंतर

आयटीच्या शेवटच्या वर्षाला उद्योजकतेचा तास म्हटला की बहुतेक ठिकाणी दहा स्लाइडचं सादरीकरण, समोर परीक्षक आणि शेवटी चषक. ‘धंदा रक्तातच असावा लागतो’ म्हणणाऱ्यांना हे पाहून बळच मिळतं. रक्ताचं राहू द्या. समोरच्याला काय विचारायचं, हे तरी नक्की शिकवता येतं.

समजा, उधारीच्या ॲपची कल्पना घेऊन मुलं किराणा दुकानात गेली. ‘असं ॲप दिलं तर वापराल का?’ दुकानदार भला माणूस. ‘वापरू की!’ म्हणतो आणि साखर तोलायला वळतो. हे उत्तर कवडीमोलाचं. ‘गेल्या महिन्यात किती उधारी थकली, वसुलीसाठी काय केलंत?’ असं विचारलं की गल्ल्याखालची वही बाहेर येते. मग कळतं, हिशेब चोख आहे. अडतंय ते ओळखीच्या माणसाकडे पैसे मागताना. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं २०११मध्ये सुरू केलेल्या ‘आय-कोअर’ उपक्रमात संशोधकांना सात आठवड्यांत अशा सुमारे शंभर जणांना भेटायला लावतात.

‘कोड उत्तम असला की गिऱ्हाईक आपोआप येतं’ हा आयटीवाल्यांचा लाडका समज. पुण्याच्या ‘क्विक हील’ या अँटिव्हायरस कंपनीची गोष्ट नेमकी उलटी. दहावीपर्यंत शिकलेले कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढे संगणक दुरुस्तीकडे वळले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसनं बेजार असायचे. गिऱ्हाईक आधीच दारात उभं होतं. संजय यांनी त्यावरचा उतारा लिहिला. २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

‘कल्पना सांगू नका, आधी पेटंट घ्या’ हा सल्लाही फुकटच. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. लिहिलेल्या कोडला कॉपीराइट असतो, नुसत्या कल्पनेला तोही नाही.

आणि कॉलेज सोडून कंपनी काढणारा तो विशीतला पोरगा? अमेरिकेतल्या सर्वांत वेगानं वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या सुरू करताना संस्थापकांचं सरासरी वय ४५ निघालं. म्हणून शिकण्याच्या वर्षातच मुलांनी किती कंपन्या नोंदल्या, यावर अभ्यासक्रम जोखण्यात अर्थ नाही. आज वर्गात बसलेली मुलगी आधी नोकरी धरील, पंधरा वर्षं इस्पितळांची बिलिंगची कामं करील, आणि डिस्चार्जच्या दिवशी खिडकीपाशी तासन्‌तास ताटकळणारे नातेवाईक रोज पाहील.