वाळूच्या हौदातला प्रागितिहास

चिकलठाण्याच्या मुलांची सहल निघाली की वेरूळ, अजिंठा, फार तर दौलताबाद. इतिहास डोंगरात कोरलेला असतो आणि तिकीट काढून बघायचा असतो, एवढंच त्यातून त्यांच्या मनात ठसतं. लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांची वस्ती मात्र साठेक किलोमीटरवर, नेवाशात प्रवरेच्या काठी सापडली. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात तिथलं लाडमोड टेकाड खणलं. वर मराठा-मुस्लिम काळ, खाली सातवाहन काळातल्या रोमशी व्यापाराच्या खुणा, त्याखाली ताम्रपाषाणयुगीन घरं. नदीच्या जुन्या गाळात तर अश्मयुगीन हत्यारं. मुलांना पुरातत्त्व समजवायला याहून सोपा धडा मला सुचत नाही.

संग्रहालयांच्या उन्हाळी कार्यशाळांत हाच धडा वाळूच्या हौदात उतरवता येतो. तळाशी दगडाच्या कपच्या, मधे काळ्या नक्षीची लाल खापरं, वर नाणी, आणि प्रत्येक थराची माती वेगळ्या रंगाची. मुलांनी सुतळीने चौकोन आखायचे, लहान थापीने माती खरवडायची, ब्रशने झाडायची. पहिल्या तासाभरात प्रत्येकाला खजिनाच हवा असतो. खरं शिक्षण वहीत सुरू होतं. वस्तू कोणत्या चौकोनात मिळाली, किती खोलीवर, शेजारी काय होतं, हे लिहिलं नाही तर हातात नुसतं खापर उरतं. सापडलेली वस्तू बक्षीस म्हणून घरी न्यायला देणारी कार्यशाळा गुप्तधनाची हौस वाढवते. तिला पुरातत्त्व म्हणू नये.

दगडावर दगड मारून पातं काढणं मुलांना फार आवडतं. डोळ्यांना चष्मा हवाच, ताज्या कपचीने बोट सहज कापतं.

मृत्यूचा विषय टाळावा का? मला नाही वाटत. नेवाशात पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. रेशीम आणि कापसाचा तिचा दोरा तांब्याच्या गंजामुळे तीन हजार वर्षं थोडासा टिकला. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेलं आढळलं. घरातच का, हे मुलं लगेच विचारतात. तिथे आपलं उत्तर न देता त्यांना तर्क करू द्यावा, पण तो कशाच्या आधारावर, हेही विचारावं.

सुट्टीत गावी गेल्यावर बांधावर रंगवलेलं खापर दिसलं तर ते उकरू नका. जागेचा फोटो काढा, खुणा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे.