ऐकणे हेही औषधच

जव्हार गावाच्या वेशीजवळचा शिरपामाळ या भागातील प्रत्येकास ठाऊक आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीस जाताना शिवाजी महाराज येथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच अर्पण केला, त्यावरून माळाला हे नाव पडले, अशी परंपरा सांगितली जाते. या माळाच्या पलीकडील पाड्यांत अनेक वर्षे रुग्ण तपासताना मला एक गोष्ट उशिरा उमगली. आलेल्या माणसाचा मान राखण्यासाठी शिरपेच लागत नाही, त्याचे बोलणे पुरते ऐकून घेतले तरी पुरते.

वाचकहो, समुपदेशन हा शब्द मोठा वाटतो. परंतु घरातील वृद्धांची शुश्रूषा करणारी सून, शेजारच्या आजोबांची चौकशी करणारा गृहस्थ, पाड्यावर फिरणारी आशाताई ही सारी मंडळी नकळत तेच काम करीत असतात. ते नीट कसे करावे, हे मी माझ्याच एका चुकीच्या आधारे सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सत्तरीच्या एक आजी दर आठवड्यास दवाखान्यात येत. छातीत जळजळ, अंग दुखणे, झोप नाही. रक्तदाब ठीक, तपासण्या ठीक. मी गोळ्या लिहून देत असे आणि पुढच्या रुग्णास हाक मारीत असे. एके दिवशी सायंकाळी वीज गेली. लिहिणे शक्य नव्हते, म्हणून मी उठून त्यांच्या शेजारी बाकावर बसलो आणि विचारले, "आजी, घरी सध्या कोण कोण असतं?"

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. एरवी मी मध्येच काही बोललो असतो. त्या दिवशी थांबलो. मग त्या म्हणाल्या, "पोरं भट्टीवर गेली. म्हातारा जेवत नाही. म्हणतो, आता माझं काय काम?"

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पाड्यावर म्हातारी माणसे उरतात. आजींच्या छातीतील जळजळ खरी होती, पण तिचे मूळ घरात होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "असा विचार करू नका आजोबा, नातवंडांकडे बघा." त्यांनी उत्तर दिले नाही. हेतू चांगला होता, पण माझ्या त्या वाक्याने त्यांचे दुःख खोटे ठरवले होते.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी जमिनीवर त्यांच्याजवळ बसलो. कोपऱ्यात अर्धवट विणलेले सूप पडले होते. "हे आपण विणलं?" एवढेच विचारले. हळूहळू ते बोलू लागले. बांबूच्या कामट्या नीट दिसत नव्हत्या, बोटे कापत होती, आणि हे मुलांना सांगण्याची लाज वाटत होती. मी त्यांचेच म्हणणे त्यांना परत सांगितले, "हात थांबले, म्हणून आपला उपयोग संपला असं वाटतं." त्यांनी मान हलवली. मग मी सरळ विचारले, "जीव द्यावा असं मनात येतं का?" ते म्हणाले, "येतं."

हा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारल्याने माणसाला बोलण्याची वाट मिळते. त्याच सायंकाळी आजींच्या संमतीने कीटकनाशकाची बाटली घरातून हलविली. आजोबांना सांगितले, "आपलं बोलणं मी गावभर करणार नाही, पण जिवाला धोका आहे तेवढं मुलाला सांगावं लागेल." मुलाला फोन लावला आणि रात्री सोबतीस शेजारचा पुतण्या ठेवला. पुढे नैराश्यावर उपचार सुरू झाले, आणि डोळे तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडले की मदतीच्या नात्यात तीन गोष्टी मुख्य असतात: समोरच्याच्या जागी उभे राहून त्याचे दुःख समजून घेणे, त्याचा विनाअट स्वीकार करणे आणि स्वतः खरेपणाने वागणे. यांपैकी एकीलाही पदवीची अट नाही. गोव्यातील 'संगत' संस्थेने हे प्रत्यक्ष दाखविले. तेथे वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम राबविला गेला आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीने तो गुणकारी ठरला. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातही 'आत्मीयता' या उपक्रमात गावातील स्वयंसेवकांनी असे काम केले आहे.

आता आपल्या घरासाठी काही गोष्टी.

बसताना उंची सारखी ठेवावी. आजी जमिनीवर असतील तर आपणही जमिनीवर बसावे. दूरदर्शन बंद करावा, मोबाईल बाजूला ठेवावा. कमी ऐकू येत असेल तर ओरडू नये, समोर बसून सावकाश बोलावे.

"बरं आहे ना?" या प्रश्नाला "बरं आहे" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी "कालची रात्र कशी गेली?" असे विचारावे, आणि उत्तरासाठी थांबावे. शांततेला घाबरू नये.

ऐकलेले थोडक्यात परत सांगावे. आपले चुकले असेल तर ते सुधारतील, आणि बरोबर असेल तर पुढे बोलतील.

सल्ला शेवटी द्यावा, तोही विचारून. "तुमच्यापेक्षा वाईट स्थितीत लोक आहेत" हे वाक्य कधीही उच्चारू नये.

सांगितलेली गोष्ट नातेवाइकांत चघळू नये. जिवाला धोका असेल तर मात्र गुप्ततेचे वचन देऊ नये.

दोन आठवडे अन्नावरची वासना उडाली, झोप गेली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांकडे न्यावे. मरणाची भाषा आली तर दोन आठवडे थांबू नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपणही कुणापाशी तरी बोला. जो सतत ऐकतो, त्याचेही कुणी ऐकले पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर आजोबा पुन्हा सूप विणू लागले. उदासी पुरती गेली असे मी म्हणणार नाही, औषध अजून चालू आहे. आजी आता महिन्यातून एकदाच येतात. माझ्या टेबलाशेजारी मी एक बाक कायमचा ठेवला आहे, आणि त्या आल्या की लेखणी खाली ठेवून आधी तेथे बसतो.