मुठेपलीकडचे पुणे

गेल्या श्रावणात झरी जामणी तालुक्यातील एक कास्तकार आमच्या कचेरीत आले. एरवी त्यांच्या हाती सात-बाराचा उतारा असावयाचा. या खेपेस मुलीच्या प्रवेशाचा कागद होता. पुण्यास अभियांत्रिकीच्या वर्गात जागा मिळाली होती. फीची काळजी नव्हती, कारण २०२४ सालच्या जुलैत सरकारने ठराव करून, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा पात्र कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. परंतु मुलीने राहावे कोठे? ‘‘कोणी सांगते नदीपलीकडे राहावे लागेल. वकीलसाहेब, ते पुण्यातच येते काय?’’ असे त्यांनी विचारले. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आमच्या तालुक्याची नदी पैनगंगा. तिच्या पलीकडे गेले की राज्य बदलते, भाषा बदलते, सातबाराही बदलतो. नदीपलीकडे म्हणजे परमुलूख, हा त्यांचा समज अनुभवावर उभा होता.

आम्ही त्यांस उत्तर दिले की, होय, ते पुण्यातच येते. मात्र घरी गेल्यावर आमच्या मनात असे आले की, सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी केला असता तर खुद्द पुणेकरांनी ‘‘छे, ते पुणे नव्हे’’ असेच सांगितले असते.

पेशवाईत जे पुणे नावारूपास आले ते मुठेच्या उजव्या तीरावरचे. वाडे, पेठा, हौद, सावकारी, पंचांग आणि ग्रामण्य, सर्व तिकडे. डाव्या तीरावर भांबुर्डे, एरंडवणे, कोथरूड, हिंगणे बुद्रुक ही खेडी, त्यांची शेते आणि मागे टेकड्या. मधला लकडी पूल पानिपतानंतर नानासाहेबांच्या कारकिर्दीत झाला असे म्हणतात. पराभूत होऊन परतलेल्या शिपायांस भर वस्तीतून तोंड दाखवीत जावे लागू नये म्हणून तो बांधला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची शहानिशा इतिहाससंशोधकांनी करावी. आम्हांस तिच्यातील एक गोष्ट मात्र लक्षणीय वाटते : पुण्याच्या पुलाची आठवण लोकांनी जपली ती लाजेशी जोडून. जे शहरास पाहवेना ते पलीकडच्या काठाने जावे.

पुढे हाच शिरस्ता पडला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली काढलेले फर्ग्युसन कॉलेज प्रथम गावातल्या वाड्यात होते. तेथे जागा अपुरी पडू लागली, तेव्हा सुमारे दहा वर्षांनी ते पलीकडच्या माळावर गेले. १९०५ सालच्या ऑक्टोबरात विदेशी कापडाची होळी करावयाची ठरली, तेव्हा मिरवणूक गावातून निघाली खरी, पण कापड पेटले ते लकडी पुलाच्या पलीकडे. टिळक तेथे बोलले. आणि पुढाकार घेणाऱ्या सावरकर नावाच्या विद्यार्थ्यास त्याच्या कॉलेजाने दहा रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढले. ज्यांनी देशी शिक्षणासाठी कॉलेज काढले त्यांच्याच संस्थेने देशी कापडाच्या पुरस्काराबद्दल दंड घ्यावा, या विनोदास आमच्याजवळ उपमा नाही.

परंतु पलीकडच्या काठाची खरी कथा कॉलेजाची नव्हे, कापडाचीही नव्हे. ती एका झोपडीची आहे.

धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसनात गणित शिकवीत. पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरुडकरांनी त्याबद्दल त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याचा जाच त्यांच्या वृद्ध आईसही भोगावा लागला. एका विवाहाने एकीचे दुःख फिटेल, हजारोंचे नाही, हे गणितज्ञास उमगावयास वेळ लागला नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो चालवावयास पैसा पाहिजे म्हणून आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी त्यांनी आश्रमास देऊन टाकली. घरच्या माणसांस हे रुचले नाही, आणि का रुचावे? समाजसुधारकाच्या त्यागाचा निम्मा हिस्सा नेहमी त्याच्या बायकोपोरांच्या नावे पडतो, हे आमच्या चरित्रकारांनी जरा स्पष्ट लिहिले असते तर बरे झाले असते.

आश्रम गावात होता तोवर एकीकडे प्लेगची धास्ती आणि दुसरीकडे लोकमताची. विधवांनी एकत्र राहावे, शिकावे, कमवावे, हे ज्यांस पटत नव्हते त्यांची संख्या थोडी नव्हती. तेव्हा रावबहादूर गोखले (हे ना. गोपाळ कृष्ण नव्हेत) यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली, तीवर एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम नदीपलीकडे गेला. कर्वे दिवसा कॉलेजात शिकवीत आणि नंतर सुमारे चार मैलांची वाट पायी तुडवून हिंगण्यास जात. पावसाळ्यात त्या वाटेचा चिखल कसा असेल हे आमच्या काळ्या जमिनीच्या वाचकांस सांगावयास नको. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. त्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या. १९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९१६ साली महिला विद्यापीठ, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुढे, १९३६ साली, मुंबईस गेले. झोपडीची जागा राहिली. हिंगणे बुद्रुकास आज लोक कर्वेनगर म्हणतात, आणि १९९१ सालापासून तेथे केवळ मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

ज्या विधवांस शहराने पलीकडे धाडले त्यांच्याच आश्रयदात्याच्या नावे आज त्या काठाचा हमरस्ता आहे. आणि त्या काठाचा इतर लौकिकही असाच आलेला. १९०५ साली ना. गोखल्यांनी भारत सेवक समाज तेथेच स्थापला, १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाले, १९२४ साली लॉ कॉलेज, १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून येऊन एरंडवण्याच्या माळावर बसली. यांस पेठांत घर मिळाले नसते असे नाही. परंतु मोकळी जमीन आणि मोकळे मन ही दोन्ही एके ठिकाणी पलीकडेच मिळाली. १९५० साली शहराची व उपनगराची नगरपालिका मोडून महानगरपालिका झाली, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दोन्ही काठ एक झाले.

मनाने ते एक झाले १९६१ साली, आणि तेही आपत्तीने. त्या वर्षी १२ जुलैस सकाळी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही गेले, आणि मुठेचे पाणी पुलांवरून वाहिले. नदीकाठच्या पेठांतील वाडे बसले. निराश्रितांसाठी वसाहती निघाल्या. त्यांतील गोखलेनगर पलीकडच्याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. ज्यांच्या आज्यांनी हिंगण्याच्या वाटेकडे पाहून नाक मुरडले असेल, त्यांची नातवंडे त्या काठावर घर शोधू लागली. पुढील तीस-चाळीस वर्षांत कोथरूडची शेते गेली. एकरांचा हिशेब गुंठ्यांवर आणि गुंठ्यांचा चौरस फुटांवर आला. २०२२ सालच्या मार्चमध्ये वनाजहून गरवारे कॉलेजापर्यंत मेट्रो धावू लागली. आता ती त्याच मुठेच्या पात्राशेजारून शहराच्या दुसऱ्या टोकास जाते.

येथवर सर्व भरभराटीचे झाले. आमची तक्रार यापुढची आहे.

सहा एकर जमीन एका माणसाने दान दिली म्हणून त्या विधवा उभ्या राहिल्या. आज त्याच काठावर सहा फूट जागा कोणी कोणास देत नाही. मुलींची फी माफ झाली, ही गोष्ट स्तुत्य होय. तीबद्दल सरकारास दोष देणारा करंटाच म्हणावा लागेल. परंतु विद्या जर फुकट आणि छप्पर जर सोन्याच्या भावाने, तर ती माफी मुंबई-पुण्यात घर असलेल्यांच्याच पदरात पडणार. झरी जामणीच्या कोलामाची, कास्तकाराची, आणि ज्याने कर्जापायी जीव दिला त्याच्या विधवेची मुलगी प्रवेशाचा कागद घेऊन वकिलाच्या कचेरीत बसणार. विधवांचा प्रश्न कर्व्यांबरोबर संपला असे ज्यांस वाटते त्यांनी एकदा यवतमाळ जिल्ह्यात यावे. आत्महत्या केलेल्या कास्तकाराचे प्रकरण ‘पात्र’ ठरले तर घरास एक लाख रुपये मिळत आले आहेत, त्यांतील तीस हजार रोख व बाकी ठेवीत. ‘अपात्र’ ठरले तर सहानुभूती. या रकमेत पुण्यातील खोली किती महिने चालेल, याचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांनी स्वतः करावा.

आणि स्वस्त जागा मिळतच नाही असे नाही. ती मिळते, पण कोठे मिळते ते पाहा. डेक्कन जिमखान्याच्या उंच भागाखाली, पुलाला लागून, पाण्याच्या काठी पुलाची वाडी म्हणून वस्ती आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेक्सच्या घरात पाणी सोडले गेले. त्या पहाटे पाणी चढत असता आपली हातगाडी हलवावयास गेलेले तीन तरुण विजेचा धक्का बसून गेले. सूचना वेळेवर मिळाली नाही अशी नदीकाठच्या रहिवाशांची तक्रार होती. धरण फुटले नव्हते, आभाळ फाटले नव्हते. दारे उघडली होती, आणि ती माणसाच्या हुकमाने उघडतात.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी. पाटबंधारे खाते नदीस दोन रेषा आखते : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करू नये असा दंडक आहे. परंतु रेषा नकाशावर असते, नकाशा कचेरीत असतो, आणि भाड्याची खोली पाहावयास आलेल्या परगावच्या बापास भिंतीचा रंग दिसतो, रेषेचा दिसत नाही. प्रत्येक गल्लीत माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ती रेषा रंगवावी, मराठीत लिहावी, आणि त्या आतील घर भाड्याने देणाऱ्याने करारात तसे नमूद करणे सक्तीचे करावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. नदीकाठ सुशोभित करण्याचे ४४ किलोमीटरांचे काम ज्या महानगरपालिकेने हाती घेतले आहे, तिला चार डबे रंग जड होऊ नये. आणि पुलाच्या वाडीतील लोकांस दरसाल शाळांच्या खोल्यांत नेऊन पुन्हा त्याच पाण्याशी आणून सोडण्यापेक्षा, रेषेबाहेर परंतु त्यांच्या कामधंद्याच्या जवळ घरे द्यावी. जवळ म्हणतो याचे कारण, हातगाडीवाल्यास दहा मैलांवर घर देणे म्हणजे त्याची हातगाडी काढून घेणेच होय.

राहिला मुलींचा प्रश्न. ज्या ज्या संस्थांस त्या काठावर दानाची किंवा नाममात्र भाड्याची जमीन मिळाली आहे, त्यांनी तीवर दुकानांचे गाळे काढण्यापूर्वी एक मजला परजिल्ह्यांतील मुलींसाठी काढावा, असे आम्ही म्हणतो. परंतु पुण्याच्या दातृत्वाची वाट पाहत बसणे आम्हांस पसंत नाही. शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात जातवार बोर्डिंगे उभी करविली ती त्या त्या समाजास हातभार लावावयास सांगूनच. मुकुटबन, पांढरकवडा व वणी येथील कापसाच्या व्यापाऱ्यांनी एका हंगामात क्विंटलामागे एक रुपया बाजूस काढला, तर कोथरुडास किंवा कर्वेनगरास एक जुने घर भाड्याने घेता येईल; आणि ते जातवार नसेल, झरीचा कोलाम व वणीचा कोमटी यांच्या मुली एका पंक्तीस जेवतील, ही आमची अट आहे. न्यासपत्राचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ. वर्गणी देऊ इच्छिणारांनी या कचेरीत नाव नोंदवावे. पैसे सध्या देऊ नयेत, न्यास नोंदला जाऊन बँकेत खाते उघडल्यावरच द्यावेत.

त्या कास्तकारांच्या मुलीस तूर्त चौघींत मिळून एक खोली मिळाली आहे. भाडे इतरांपेक्षा कमी आहे असे तिने वडिलांस कळविले. खोली नदीपासून किती अंतरावर आहे, हे तिला विचारावे, म्हणून आम्ही त्यांस निरोप पाठविला आहे.