भाजी नाही, तरी स्कर्व्ही नाही

शाळेच्या भूगोलात आपण 'एस्किमो' वाचले. बर्फाचं घर, कुत्र्यांची गाडी आणि कच्चं मांस. वर्गात हसू व्हायचं ते कच्च्या मांसावर. एस्किमो हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं. कॅनडा आणि ग्रीनलंडमधले हे लोक स्वतःला इनुइट म्हणतात, म्हणजे 'माणसं'. दुसऱ्याने दिलेलं नाव कसं टोचतं, हे आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

त्यांच्या मुलखात शेती पिकत नाही. उन्हाळ्यात थोडी रानफळं, बाकी सील, वॉलरस, देवमासा, कॅरिबू हरीण आणि मासे. शिकार मिळाली नाही तर उपासमार ठरलेली. अशा जेवणावर स्कर्व्ही व्हायला हवी: हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, जखमा भरत नाहीत. युरोपचे कित्येक खलाशी याच रोगाने मेले. इनुइटांना तो सहसा होत नसे.

गुपित त्या कच्चेपणातच होतं. देवमाशाची चरबीसकट कातडी, म्हणजे त्यांचं मक्तक. तिच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 36 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असतं, जवळपास लिंबाच्या रसाइतकं. सीलच्या काळजातही ते मिळतं. शिजवलं की बरंचसं जातं, म्हणून कच्चं. आपल्याला उन्हातून मिळणारं 'ड' जीवनसत्त्व त्यांना मासे आणि चरबीतून मिळतं, कारण तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. इनुइटांबरोबर राहून आलेले स्टेफान्सन आणि त्यांचे एक सहकारी 1928 साली न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांसावर राहिले. स्कर्व्ही झाली नाही.

काय खाऊ नये, हेही या लोकांना पक्कं ठाऊक. पांढऱ्या अस्वलाचं काळीज ते टाकून देतात. त्यात 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की खाणारा आजारी पडतो, अंगाची कातडी सोलून निघते.

अलास्कातली गोष्ट तर प्रत्येक घराने ऐकावी अशी. तिथे मासे गवताने मढवलेल्या खड्ड्यात आंबवायची जुनी रीत होती. पुढे सोय म्हणून प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात, ऊबेला आंबवणं सुरू झालं. हवा बंद झाली आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे रुग्ण वाढले. पदार्थ तोच, भांडं बदललं.

आता तिथल्या दुकानांत साखर, मैदा, थंड पेयं आली. ताजी भाजी विमानाने येते आणि परवडत नाही. शिकारीचं जेवण मागे पडलं, तसे किडके दात आणि मधुमेह पुढे आले. जुनं अन्न रानटी, असं त्यांच्या मुलांच्या मनावर शाळांनीच बिंबवलं होतं. आपल्या आज्यांच्या चान्या, रक्ती, वजडी यांच्या वाट्याला आलेली हेटाळणी याच जातीची. नाक मुरडणाऱ्यांनी त्यातलं लोह आणि प्रथिनं कधी मोजली नाहीत.

म्हणून कच्चं मांस मात्र आपण खायचं नाही. आपल्या उष्ण हवेत ते तासाभरात बिघडू लागतं, शिवाय जंतांची भीती. काळीज नीट शिजवावं आणि ताटात वर लिंबू पिळावं. लिंबातल्या 'क'मुळे भाजीभाकरीतलं लोहही अंगी लागतं. रक्त कमी असलेल्या बायामुलींनी जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर थांबावं. चहा लोह अडवतो.